शॉकअपमधली कांडी

आमच्या घरात काही मोडलं की माझे सासरे आधी यंत्रमागाच्या शेडकडे बघायचे. पलंगाचा पाय मोडला तर तिथे मागाचं लाकूड, दाराची कडी गेली तर तिथे मागाची पट्टी. पडद्याची दांडी, पंख्याचा हुक, कपडे वाळत घालायची तार, सगळं त्या शेडमधून आलेलं. माझं माहेरही भिवंडीतलंच, पण मास्तरांचं घर. तिथे मोडलेली वस्तू दुकानात न्यायची रीत. लग्न होऊन शेलार गावात आले तेव्हा मला या प्रकाराचं हसू यायचं. मी नवऱ्याला म्हणायचे, उद्या माझा दात पडला तर तिथेही धोट्याचा तुकडा बसवाल. तो म्हणायचा, बसवू की, तुझ्यापेक्षा जास्त टिकेल.

पुढे माग परवडेनासे झाले आणि सासऱ्यांनी ते भंगारात दिले. सुट्या भागांना मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. एका कोपऱ्यात स्प्रिंगा, फण्या, धोटे आणि सूत गुंडाळायच्या लाकडी कांड्यांची पोती रचून ठेवली. नवऱ्याला एका शेठच्या गोदामांवर सुपरवायझरची नोकरी लागली. तेव्हा शेतांच्या जागी रोज नवं गोदाम उभं राहत होतं. शेठची गोदामं पार कशेळीपर्यंत पसरलेली, त्यामुळे दिवसभर मोटरसायकलवर या गोदामातून त्या गोदामात जायचं हीच त्याची ड्युटी. गाडी त्याची फार लाडकी होती. माझ्यावर तो जेवढं लक्ष देतो त्याच्या दुप्पट गाडीवर देतो, असं मी सगळ्यांना सांगायचे, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

त्या पावसाळ्यात कशेळीहून येताना पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं चाक गेलं आणि तो पडला. मागून येणारा कंटेनर वेळेवर थांबला म्हणून जिवावरचं मनगटावर निभावलं. डावं मनगट मोडलं, आत पट्टी बसवावी लागली.

प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला दोन गोष्टी सांगितल्या. एक, हाताला झटके बसू देऊ नका. दुसरी, बोटांकडे जाणारी नस चेंगरली आहे, ती कितपत सुधारेल ते आज सांगता येणार नाही. घरी येईपर्यंत आमच्याकडे पहिलीच गोष्ट उरली होती. झटक्यांचं काहीतरी करता येण्यासारखं होतं. नशीला पाना लागत नव्हता.

शेठने निरोप पाठवला, गाडी चालवता येत असेल तर दिवाळीनंतर या, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. यात वाईट काही नव्हतं, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला. वाईट माणसाला निदान शिव्या तरी देता येतात.

नवऱ्याने गाडी बाहेर काढली, गल्लीच्या तोंडापर्यंत नेली आणि हात पोटाशी धरून परत आला. झटके हँडलमधून थेट मनगटात येतात, म्हणाला. पुढचा शॉकअप मऊ केला पाहिजे. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने गाडी दाबून बघितली आणि सांगितलं की गाडीला काहीही झालेलं नाही, जे झालंय ते रस्त्याला. त्यावर नवरा इतका चिडला की त्याने गाडी ढकलत घरी आणली आणि पडवीत लाकडी ठोकळ्यांवर चढवली. आता घरीच करणार, म्हणाला.

करणार म्हणजे काय, तर त्याने सांगायचं आणि मी करायचं. त्याच्या डाव्या हातात जोर नव्हता. पुढचं चाक मी काढलं. शॉकअपचे दोन्ही पाइप मी पोटाशी धरून बसले आणि त्याने उजव्या हाताने वरची झाकणं फिरवली. आतून लांब स्प्रिंग निघाली, मग काळंकुट्ट तेल. वास असा की त्या दिवशी डाळीलाही तोच वास येतोय असं वाटलं. दोन्ही बाजूंना तेल अगदी सारखं हवं म्हणून त्याने माझं दूध मोजायचं माप उचललं. मी म्हटलं, त्यापेक्षा देव्हाऱ्यातली पळी घ्या ना. तो हसला नाही. मग मीही माप मागितलं नाही. ते तिथेच राहिलं आणि मी नवीन आणलं.

नवं तेल कुठलं घालायचं, तर अर्थात मागाचं. सासऱ्यांनी शेडमधून डबा काढून दिला. पातळ, पाण्यासारखं स्वच्छ तेल. झटका मऊ करायचा तर तेल पातळ हवं, हा हिशेब दोघा बापलेकांना एकदम पटला. गाडी खाली उतरवली तेव्हा ती खरंच मऊ झाली होती, इतकी की ब्रेक दाबला की पुढून खाली बसायची आणि शेवटी आत लोखंडावर लोखंड आपटायचं. नवरा गल्लीतून फिरून आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

पुन्हा ठोकळे, पुन्हा चाक. आता गाडी बसू नये म्हणून स्प्रिंगच्या वर काहीतरी घालून ती दाबून ठेवायची होती. लोखंडी पाइपचा तुकडा बाजारात कुठेही मिळाला असता. पण सासरे पोत्यातून दोन लाकडी कांड्या घेऊन आले. त्यांनी त्या हातात फिरवून बघितल्या, धोतराच्या सोग्याने पुसल्या.

"मागाची वस्तू हाय," ते म्हणाले. "रातदिस धक्के खाल्लेत यांनी. मोडायच्या न्हाय."

कांड्यांचे जाड भाग कापून, पाइपात बसतील इतपत घासायचे होते. ते काम सासऱ्यांनी स्वतःकडे घेतलं. माग गेल्यापासून ते दिवसभर ओट्यावर नुसते बसून असायचे. आता ते सकाळी चहा झाला की कानस घेऊन बसायचे. घासायचे, पाइपात घालून बघायचे, पुन्हा घासायचे. मुलाचा हात ते असे बरा करत होते. मला ते बघवत नव्हतं आणि तिथून उठवतही नव्हतं.

पहिले तुकडे लांब झाले, गाडी दगडासारखी कडक. ते कापून आखूड केले. मग तेल थोडं जाड घातलं. दर वेळी मीच चाक काढायचे, मीच बसवायचे. मी शाळेत शिकवते, तिथे फळ्यावर लिहिताना माझ्या नखांत काळं दिसायचं आणि पोरं आपापसांत खुसखुसायची. दर वेळी नवरा गल्लीतून फिरून यायचा आणि हात झटकत म्हणायचा, अजून थोडं कमी व्हायला हवं. थोडं कमी झालंय, पण अजून थोडं. मी विचारायचे, कमी झालंय म्हणजे नक्की किती? तो गाडीकडे बघून उत्तर द्यायचा, माझ्याकडे बघून नाही.

दिवाळीच्या आधी एका दुपारी गाडी अशी जमली की मलाही कळलं. हँडल धरून दाबलं की हळूच खाली जायची आणि तशीच हळूच वर यायची, न आपटता. सासरे पुन्हा पुन्हा दाबून बघत होते. लहान पोराला नवं खेळणं मिळावं तसे. नवरा म्हणाला, चल, कशेळीला शेठला दाखवून येऊ. मी साडी बदलली. केसांत गजराही माळला, आता लिहायला लाज वाटते.

रस्ता होता तसाच होता, पण पुढचं चाक खड्ड्यात उतरून निमूट बाहेर पडत होतं. मागे बसून मला ते जाणवत होतं. तरीही नवऱ्याने वाटेत गाडी बाजूला घेतली, हात मांडीवर ठेवला आणि बोटांची उघडझाप करत बसला. रस्ता, तो म्हणाला. मीही म्हटलं, हो, रस्ताच.

शेठ आले नव्हते. नवं बांधलेलं गोदाम रिकामं होतं, माल अजून यायचा होता. वॉचमन ओळखीचा, त्याने शटर वर केलं. आत काँक्रीटची जमीन, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घोटून काढलेली. त्यावर वाटाणा ठेवला असता तरी तो घरंगळला नसता. नवरा थोडा वेळ दारात नुसता बघत राहिला. मग मला म्हणाला, तू इथेच थांब.

तो गाडी आत घेऊन गेला. लांबवर गेला, वळला, परत आला. कसलाही आवाज नाही, कुठेही हिसका नाही. गाडी सरकत होती. इतक्या दिवसांत त्याला पाठ ताठ ठेवून गाडी चालवताना मी पहिल्यांदाच बघत होते. मला इतका आनंद झाला की मी त्या वॉचमनसमोर टाळ्या वाजवल्या.

पुढच्या फेरीला तो माझ्याकडे येता येता थांबायला गेला आणि गाडी गचका देऊन बंद पडली. त्याने क्लच दाबलाच नव्हता. मला वाटलं विसरला. मी जवळ गेले तर त्याच्या डाव्या हाताची चार बोटं क्लचवरच होती. तो त्यांच्याकडे बघत होता. कपाळावर घाम होता.

"इथे तर एक पण खड्डा नाय," तो म्हणाला.

मी त्याची बोटं क्लचवरून एकेक करून सोडवली. ती गार होती, आणि माझा हात त्यांना लागतोय हे त्यांना कळत नसावं, कारण त्याने मान वर केली नाही. डॉक्टरांची दुसरी, नशीची गोष्ट इतके दिवस आमच्या घराबाहेर उभी होती, ती आता आत आली होती. दुरुस्त करण्यासारखं जे होतं ते सगळं आमचं दुरुस्त करून झालं होतं.

गाडी तिथेच ठेवली. रिक्षाने परत निघालो, तीत हाडं खिळखिळी झाली, पण त्याने हात सांभाळला नाही. तो मोकळा सोडून दिला होता, गचक्यागणिक गुडघ्यावर आपटत होता. मी तो उचलून माझ्या मांडीवर घेतला.

सासरे ओट्यावर वाट बघत बसले होते. गाडी कुठे आहे, हे त्यांनी विचारलं नाही. बहुतेक शेठने ठेवून घेतली, पसंत पडली, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं.

"धक्का बसला का रं?" त्यांनी विचारलं.

नवरा पायरीवर थांबला. "नाय बाबा," तो म्हणाला. "एक पण नाय बसला."

"मंग झाला ना काम," सासरे म्हणाले आणि उठले. शेजारच्या ओट्यावर जाऊन ते कांडीची गोष्ट सांगू लागले, पोराचा हात आपल्या मागाने बरा केला म्हणून, आणि आम्ही दोघं आत जाऊन ती शेवटपर्यंत ऐकत राहिलो.