पाळकसाहेबांचा वळसा

टण्ण!

चाळीसेक वर्षं झाली, पण तो पहिला ठोका अजून माझ्या कानात आहे.

आमच्या धरणाच्या काठावर एक कडुलिंब आहे. त्याला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला असतो. पलीकडं बेटावर जायचं असलं की दगड उचलायचा आणि त्यावर ठोका द्यायचा, मग मी नाव घेऊन येतो. एक ठोका म्हणजे माणूस आहे. दोन ठोके म्हणजे माणसाबरोबर ओझं नाहीतर शेरडं आहेत. आणि ठोक्यावर ठोके पडत राहिले तर कुणीतरी लई आजारी आहे, बाज घेऊन या.

धरण भरलं तेव्हा आसपासची गावं पाण्याखाली गेली आणि ही एक टेकडी वर राहिली. तेच आमचं बेट. तीस-पस्तीस घरं. निम्मी धनगरांची, दहा-बारा ख्रिस्ती, बाकी आम्ही भोई. पत्र्याचं एक चर्च आणि त्याचे पाळकसाहेब. ख्रिस्ती लोक त्यांच्या धर्मगुरूला पाळक म्हणतात.

मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस. पण नावेत बसलं की माणसं बोलतात आणि मी वल्हं मारत ऐकतो. नावेत पाणी साचतं तसे किस्से साचत जातात. अधूनमधून उपसले नाहीत तर नाव जड होते!

*

पाळकसाहेब पहिल्यांदा आले तेव्हा तिशीतले होते. शहरातनं एसटीनं आले, फाट्यावर उतरले, काठापर्यंत चालत आले. ठोक्यांचा हिशोब त्यांना कोण सांगणार? रूळ दिसला, त्यांना वाटलं चर्चची घंटा. त्यांनी मनापासून वाजवायला सुरुवात केली. टण्ण, टण्ण, टण्ण!

बेटावर पळापळ झाली. मी नाव काढली. चार माणसं बाज घेऊन बसली, एका म्हातारीनं आल्याचा काढा घेतला. काठाला लागलो तर पांढऱ्या सदऱ्यातला धडधाकट माणूस, हातात दगड.

"आजारी कोण हाय?" मी विचारलं.

साहेबांनी बाज पाहिली, काढा पाहिला. म्हणाले, "अजून कुणी नाही. पण एवढ्या लांबनं आणलाय तर काढा पितो!"

*

पुढं तीसेक वर्षं ते इथलेच होते. मग रिटायर झाले. शहरात समारंभ झाला, शाल मिळाली, नारळाऐवजी घड्याळ मिळालं. आम्ही बेटावर जेवण घातलं. बायका रडल्या. मीही जरा वल्ह्याशी खुडबुड करत बसलो.

पुढच्याच शुक्रवारी सकाळी एक ठोका. बघतो तर साहेब!

"साहेब, तुम्ही तर रिटायर झाला ना?"

"झालो की. पण निम्माच!"

झालं असं की बेटावर यायला नवा पाळक कुणी तयार होईना. ऑफिसनं सांगितलं, जमेल तोवर तुम्हीच जात जा, नाहीतर चर्चला कुलूप लावावं लागेल. तेव्हापासून शुक्रवार ते सोमवार साहेब बेटावर आणि सोमवार ते शुक्रवार शहरात, छावणीमागच्या घरी, बाईंजवळ.

बाई म्हणजे त्यांच्या मंडळी. आयुष्यभर शहरात शिक्षिका होत्या. कधीमधी डबा घेऊन काठापर्यंत यायच्या, पण नावेत पाय ठेवला नाही. एकदा मी सहज म्हणालो, "बाई, चला की बेट बघायला."

त्या म्हणाल्या, "भिकाभाऊ, सवतीच्या घरी कुणी पाहुणचाराला जातं का?"

*

दोन घरं झाली की माणसाची दोन-दोन सामानं होतात. साहेबांचे चष्मे दोन, छत्र्या दोन, बायबलं दोन. पण लागणारी वस्तू नेमकी दुसऱ्या काठावर!

कवळी मात्र एकच होती. एका शुक्रवारी ती शहरात राहिली. रविवारी साहेब दाताशिवाय प्रवचनाला उभे राहिले. दहा मिनिटांत आमेन झालं.

धोंडिबा धनगर आमचा हिंदू माणूस, पण रविवारी चर्चच्या पायरीवर बसायचा. मेंढरं तिथंच सावलीला बसतात म्हणून. साहेब बाहेर आल्यावर तो म्हणाला, "सायेब, लई झ्याक बोलला आज. दात असेच इसरत जावा!"

तिकडं बाईंनी ती कवळी स्टीलच्या डबीत घालून एसटीच्या कंडक्टरकडं पाठवली. मी डबी आणली. साहेब आजाऱ्याकडं गेले होते म्हणून धोंडिबाकडं ठेवली. धोंडिबाला वाटलं लोणचं आलं. भाकरी पुढ्यात घेऊन त्यानं झाकण काढलं.

तेव्हापासून कुणाचीही डबी असो, धोंडिबा आधी कानाशी हलवून बघतो!

*

याच धोंडिबानं एकदा साहेबांना पाचोडच्या बाजाराला नेलं. बोकड विकायचा होता. पाळक बरोबर असला की गिऱ्हाईक विश्वास ठेवतं, असा त्याचा विचार. मीही होतो.

एक खाटीकभाई आले. बोकडाच्या पाठीवरनं हात फिरवला आणि साहेबांकडं बघून म्हणाले, "पादरीसाब, आप बोलो. जनावर कैसा है?"

साहेब म्हणाले, "तब्येतीला उत्तम. पण गेल्या रविवारी माझं अर्धं गीतपुस्तक खाल्लं यानं. पोटात किती राहिलं देव जाणे."

भाई दोन पावलं मागं सरकले. "तौबा! किताब खाया सो बकरा मैं नहीं काटता बाबा!"

बोकड परत. येताना नावेत धोंडिबा बोकडाची दोरी हाताला गुंडाळत बसला. मध्यावर आल्यावर धोंडिबा म्हणाला, "पुढच्या बाजाराला वकील नेतो!"

तो बोकड मग म्हातारा होऊन मेला.

*

वय झालं तसं साहेबांना ऐकू कमी यायला लागलं. बाई म्हणाल्या, "भिकाभाऊ, तुम्ही घेऊन जा यांना. माझं ऐकत नाहीत." मी म्हणालो, "बाई, तोच तर आजार हाय." त्या दिवशी त्या बऱ्याच हसल्या.

शहरात औरंगपुऱ्यात गल्लीच्या तोंडाला दुकान होतं, तिथनं कानाचं मशीन घेतलं. साहेब रिक्षातनं परत येताना हॉर्न ऐकून दचकत होते, पण चेहरा खुललेला.

रविवारी ते मशीन लावून चर्चमध्ये उभे राहिले. बसलेल्या लोकांनी गाणं सुरू केलं. एक कडवं झालं, दुसरं सुरू झालं, आणि साहेबांनी हळूच मशीन काढून खिशात टाकलं.

मी नंतर विचारलं, "दुखत होतं का, साहेब?"

"नाही हो भिकाजी. इतकी वर्षं मला वाटत होतं आपले लोक सुरात गातात!"

*

आता वळशाचं सांगतो.

काठापासून बेटाला सरळ गेलं तर वीस मिनिटं. पण साहेब नावेत असले की मी उजवीकडनं मोठा वळसा घेतो. दुप्पट वेळ लागतो. लोक हसायचे. "पाळकसाहेबांचा वळसा" असं नावच पडलं. लांबच्या कामाला कुणी म्हणायचं, हा तर पाळकसाहेबांचा वळसा झाला!

कारण मला एकट्याला माहीत. सरळ वाटेत, मधोमध, बाईंचं माहेर आहे. पाण्याखाली. त्यांचं लग्न झालं त्याच वर्षी गाव उठलं आणि पाणी आलं. सुरुवातीला तिथं एका चिंचेचा वाळका शेंडा वर दिसायचा. बाईंच्या दारातली चिंच. पुढं तोही गेला.

पहिल्याच दिवशी, त्या काढ्याच्या दिवशी, मी नाव सरळ हाकली तर साहेबांनी माझ्या वल्ह्यावर हात ठेवला आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं कानाशी बोलले. "तिकडनं नको, भिकाजी. खाली आमच्या सासऱ्यांचं घर आहे. लोकांच्या छपरावरनं जाऊ नये."

मग म्हणाले, "घरी हिच्याजवळ बोलू नका कधी. माहेराचं नाव निघालं की दोन-दोन दिवस जेवत नाही ती."

मी शब्द दिला.

मध्यंतरी धोंडिबाच्या जावयानं इंजिनाची नाव आणली. साहेब बसले. भुर्रकन निघाली ती सरळ! साहेब उठून उभे राहिले. नाव डुलली, बायका किंचाळल्या. जावई म्हणाला, "सायेब, इंधन जळतंय, वळसा कशाला?" साहेब म्हणाले, "मग मला इथंच उतरव!"

भर पाण्यात! जावयानं गपचूप नाव वळवली.

*

आता एक गोष्ट सांगतो, ती सांगताना मला अजून जड जातं.

मागच्या वर्षी बाई काठावर डबा घेऊन आल्या होत्या. साहेबांना यायला उशीर होता. लिंबाखाली बसून त्या पाण्याकडं बघत होत्या.

"भिकाभाऊ, एक विचारू? इतकी वर्षं तुम्ही यांना माझ्या माहेरावरनं नेताय-आणताय. एकदा तरी यांनी खाली वाकून पाहिलं का? काही बोलले का?"

मी नावेची दोरी सोडून पुन्हा बांधायला लागलो.

"नाहीच ना. मला ठाऊक होतं. माझं सगळं तिथं बुडालं आणि हे त्याच्यावरनं देवाच्या कामाला जातात. घरी एका शब्दानं विचारत नाहीत. म्हणून मी त्या नावेत बसत नाही."

तोंडापर्यंत आलं होतं. पण शब्द दिला होता ना. मी नावेतलं पाणी उपसत बसलो. नावेत पाणी नव्हतं.

*

या पावसाळ्यानंतर साहेब चर्चच्या पायरीवरनं घसरले. पाय सुजला. एक सोमवार गेला, दुसरा गेला, ते शहरात गेले नाहीत. "बरा आहे, काळजी करू नकोस," एवढाच निरोप माझ्याबरोबर दोनदा पाठवला. मी काठावरनं फोन लावून सांगितला. दोन्ही वेळा बाई फक्त "बरं" म्हणाल्या.

त्यांच्या मुलाचं चितेगावला नवं घर झालंय, तिथल्याच कंपनीत आहे तो. बाईंचं ठरलं होतं, आता दोघांनी तिथं राहायचं. साहेब "बघू, बघू" करत होते. ते गेले की चर्चला कुलूप, हे बेटावर लहान-थोर सगळ्यांना माहीत.

तिसऱ्या सोमवारी सकाळी ठोका पडला. एकच.

काठावर बाई उभ्या होत्या. डोक्यावर घट्ट पदर, हातात दोन मोठ्या रिकाम्या पिशव्या.

"चला," त्या म्हणाल्या. "त्यांचं सामान भरून आज घेऊनच येते. ते आले तर ते, नाहीतर नुसतं सामान. एकदाचा निकाल लागू दे."

मी हात पुढं केला. त्यांनी तो धरला नाही. स्वतःच नावेत चढल्या, मधल्या फळीवर बसल्या, पिशव्या मांडीवर घेतल्या आणि डोळे मिटून घेतले. ओठ हलत होते. प्रार्थना असेल, नाहीतर राग.

मी वल्हं मारायला लागलो. बराच वेळ झाला. बाईंनी डोळे उघडले, पुढं पाहिलं. चर्च डाव्या अंगाला लांब दिसत होतं.

"भिकाभाऊ, चर्च तर तिकडं राहिलं. वाट चुकलात का?"

"नाय, बाई."

"मग सरळ का नाही घेतली नाव?"

मी वल्हं थांबवलं. म्हणालो, "बाई, आज मी दिलेला शब्द मोडतो. सरळ वाटेत तुमचं माहेर हाय. सायबांचा हुकूम हाय, त्यावरनं नाव न्यायची नाय. लोकांच्या छपरावरनं जाऊ नये म्हणाले."

"कधीपासनं?"

"पहिल्या दिवसापासनं."

"जाताना?"

"जाताना, येताना, पावसात, उन्हात. एकदा भर पाण्यात उतरायला निघाले होते. तुमच्यापुढं बोलू नका म्हणाले, जेवत नाय तुम्ही."

बाईंनी मांडीवरच्या पिशव्या बाजूला फळीवर ठेवल्या.

"कुठं आहे ते?"

मी वल्ह्यानं दाखवलं. लिंब आणि चर्चचा क्रूस एका रेषेत धरला की तिथंच मध्ये चिंच होती. बाई तिकडं वळून बसल्या. मग त्यांनी डोक्यावरचा पदर काढून खांद्यावर घेतला. माहेरच्या शिवेत शिरल्यावर लेकी घेतात, तसा.

मी नाव हळू हाकली. मला हळूच हाकता येते.

बेटाला लागलो तेव्हा ठोका ऐकून साहेब काठी टेकत पाण्यापर्यंत आलेले. धोंडिबा मागं उभा. बाईंना नावेत पाहून साहेबांचा चेहरा उतरला.

"तू कशाला आलीस? मी निघतच होतो. आजच निघतो. सामान भरायला एक तास दे फक्त…"

बाई उतरल्या. साहेबांच्या सुजलेल्या पायाकडं त्यांनी बघितलं, मग तोंडाकडं बघितलं.

दोन्ही पिशव्या फळीवर तशाच होत्या.

"बाई, पिशव्या राहिल्या!" मी हाक मारली.

त्या चर्चची चढण चढायला लागल्या होत्या. मागं न बघता म्हणाल्या, "राहू द्या, भिकाभाऊ. आता लागायच्या नाहीत."