माहेरची बरणी

सिद्रामप्पा तुळजापूर ते नळदुर्ग जीप चालवतात. डिझेल वाचवणारं हायड्रोजन किट विकत घ्यावं की घरी बनवावं, यावर त्यांनी महिनाभर डोकं खाजवलं. विकणाऱ्यांच्या गोड बोलण्याची त्यांना चीड, म्हणून शेवटी घरीच बनवलं. पाण्यात स्टीलच्या पट्ट्या, त्यांना बॅटरीची वायर आणि निघणारा गॅस इंजिनात न्यायला नळी. बरणी मात्र बायकोची, लोणच्याची, काचेची. गौराबाईंनी देताना बजावलं, “माझ्या आईनं दिलेली हाय. फुटली तर जेवायला घरी येऊ नका.”

लिटरला अकरा किलोमीटर जाणारी जीप चौदा जाऊ लागली. स्टँडवरचे ड्रायव्हर बरणी बघून जायचे.

दोन महिन्यांनी अप्पांनी पाणी भरायला झाकण उघडलं, तर पाणी पहिल्या दिवसाइतकंच. वायर पहिल्याच दिवशी निसटली होती. गॅस बनलाच नव्हता. पण बरणीला जपत या दोन महिन्यांत त्यांनी एकदाही करकचून ब्रेक दाबला नव्हता, की कुणाच्या पुढं गाडी घातली नव्हती.

आता कुणी विचारलं, किट घ्यावं की बनवावं, तर ते म्हणतात, “दोन्ही न्हाय. बायकोच्या माहेरची बरणी मागून आणा.”