चक्कीवरची भागूबाई

लग्न होऊन ती आली त्या दिवशी सासऱ्याने तिला घर नंतर दाखवलं, आधी पाणचक्की दाखवली. घर तसं वेगळं नव्हतंच. चक्कीच्या पाठीला चिकटून दोन खोल्या, मधे एकच भिंत.

नदीवर बंधारा होता. तिथून पाटाने आलेलं पाणी लांब लाकडी पन्हळीतून बाहेरच्या मोठ्या चाकाच्या माथ्यावर कोसळायचं. चाकाचा आस म्हणजे अख्ख्या झाडाचा बुंधा. तो भिंतीतल्या भोकातून आत, जमिनीखालच्या खोलीत शिरायचा. त्या खोलीला सगळे खड्डाच म्हणत. तिथे दोन दातेरी चाकं एकमेकांचे दात चावत फिरायची, आणि त्यांच्या जोरावर वरच्या मजल्यावर जात्यासारख्या मोठ्या दगडी तळ्या दळायच्या. सगळ्यात वरचा मजला धान्याच्या पोत्यांचा.

सासरा हातवारे करून सांगत होता आणि नव्या सुनेची नजर त्या हातावर खिळली होती. उजव्या हाताला दोनच बोटं होती.

रात्री तिने नवऱ्याला विचारलं, "मामंजींची बोटं कुठं गेली?"

"पिठात," नवरा कूस बदलत म्हणाला. "कुणाच्या ध्यानातही आलं नाही."

चेष्टा केली आणि तो घोरायला लागला. ती मात्र पहाटेपर्यंत भिंतीकडे पाहत राहिली. त्या दिवसापासून भीती तिच्या घरचीच झाली. खड्ड्याच्या पायऱ्या ती कधी उतरली नाही. चाकाच्या बाजूने जायचं झालं तर पदर खोचून, कुंपणाला अंग घासत जायची. माहेरपणाला आलेल्या नणंदेने हे पाहिलं आणि हसत म्हणाली, "वहिनी, तू तर अगदी भित्री भागूबाई." नाव चिकटलं. दळण घेऊन येणारे लोकसुद्धा मागे तिला भागूबाई म्हणू लागले.

पण भित्र्या माणसाचे कान तिखट असतात. तळ्या नीट चालल्या की घरघर एकसारखी यायची, दाणे संपत आले की ती पोकळ व्हायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. भाकरी थापतानासुद्धा तिचा एक कान भिंतीलाच असायचा.

चक्कीचा इतिहास तिला गवंड्याकडून कळला. गिलावा करायला आलेला म्हातारा गवंडी बोलका होता. मूळ इमारत सासऱ्याच्या आजोबांनी बांधली, म्हणाला तो. नदीतला दगड आणि चुना, मजले दोनच. पुढे सासऱ्याच्या वडिलांच्या काळात दळण वाढलं, पोती ठेवायला जागा पुरेना, म्हणून त्यांनी विटांचा तिसरा मजला चढवला.

"माझे वडील होते त्या कामावर," गवंडी थापी पुसत म्हणाला. "त्यांनी सांगितलं होतं, पाया दोन मजल्यांचा आहे, डोकं तीन मजल्यांचं नको. पण मालकाला कोण शिकवणार? बरं, इतकी वर्षं उभी आहे. राहील."

त्या 'राहील'ने तिला अन्नपाणी गोड लागेना. पुढच्याच वर्षी घरातल्या फडताळामागच्या भिंतीवर, नदीकडच्या कोपऱ्यात, आस जिथून जायचा त्याच्या बरोब्बर वर, केसाएवढी भेग दिसली. तिने पिठाची खळ केली आणि भेगेवर आडवी कागदाची पट्टी चिकटवली. भिंत हलली तर कागद फाटेल, एवढा सरळ हिशेब.

थंडी सरता सरता कागद फाटला. तिने आरडाओरडा करून चक्की बंद करायला लावली. नवऱ्याने भिंत ठोकून पाहिली, सासऱ्याने कागद चाचपला. "वाळून आखडला असेल," सासरा म्हणाला. दुसऱ्या खेपेला तर खटखट ऐकून ती तान्ही मुलगी काखेत घेऊन अंगणात पळाली. निघालं काय, तर चाकाची एक फळी सैल झाली होती. महिनाभर लोक विचारत होते, "भागूबाई, आज पळायचं की दळायचं?"

"लोकांसमोर पुन्हा असं करू नकोस," नवरा म्हणाला. रागाने नाही, थकून म्हणाला. तिने मान डोलावली. पट्ट्या मात्र चिकटवत राहिली.

ती दुपार आली तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती आणि मावशीकडे गेली होती. वरच्या डोंगरात चार दिवस पाऊस झाला होता. नदी फुगलेली, चाक भरधाव. सकाळी लावलेली पट्टी दुपारी सरळ रेषेत फाटलेली दिसली. तिने लगेच दुसरी लावली. खळ ओली, कागद ओला. आणि तिच्या डोळ्यांदेखत तो मधोमध उसवत गेला.

ओला कागद आखडत नाही, एवढं तिलाही कळत होतं.

ती धावत वर गेली. दळणाच्या मजल्यावर नवरा आणि दळण घेऊन आलेली पाच माणसं होती. सासरा त्याच्याही वर, खिडकीपाशी, नेहमीच्या जागी बसलेला.

"अहो, जरा खाली येता?"

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. "पुन्हा कागद?"

कुणीतरी फिसकन हसलं. ती तशीच मागे फिरली. जिन्यात तिला वाटलं, खरंच आपलंच डोकं फिरलं असेल. तसं असेल तर बरंच. पण एकदा बघायला हवं. आणि बघायचं तर खड्ड्यातच.

कंदील घेऊन ती उतरली. अकरा पायऱ्या. पायाखाली ओल, तोंडावर वंगणाचा वास, आणि कानठळ्या बसवणारा आवाज. दातेरी चाकं हातभर अंतरावर फिरत होती. तिने भिंतीला पाठ लावली, तर भिंतच थरथरत होती. कंदील वर केला. आसाच्या प्रत्येक फेऱ्याला भोकातून चुन्याचा भुगा सांडत होता. आस ज्यावर टेकायचा तो दगड बाहेर सरकला होता आणि त्याच्या वरच्या फटीत चार बोटं सहज गेली असती.

तिला ओरडायचं होतं, पण आवाज फुटेना. पळायचं होतं, पण पाय उचलेनात. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग मुठीएवढा चुन्याचा गोळा तिच्या पायाशी पडला आणि पाय आपोआप सुटले.

ती वर आली, अंगणातून थेट पन्हळीच्या तोंडाशी गेली. पाणी अडवायचं लाकडी दार फुगून घट्ट बसलं होतं. दोन्ही हातांनी दाबलं तरी हलेना. मग तिला पन्हळीखालच्या टेकूची पाचर दिसली. बाजूला लाकडी मोगरी पडली होती. तिने डोळे मिटून घाव घातला, तो टेकूवर बसला. दुसरा हवेत गेला. तिसऱ्या वेळी तिने डोळे उघडे ठेवले.

पाचर उडाली, पन्हळ कलंडली आणि सगळा लोंढा चाकावर न पडता भाजीच्या वाफ्यांत घुसला. चाक रेंगाळत, कुरकुरत थांबलं.

नवरा ताडताड बाहेर आला. "डोकं फिरलं का तुझं? पन्हळ मोडलीस?"

तिने त्याचं मनगट धरलं आणि ओढत खड्ड्याशी नेलं. तो कंदील घेऊन उतरला. वर आला तेव्हा त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा होता.

तो जिन्याच्या तोंडाशी गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "कुणी धावू नका. पोती राहू देत. एकेकानं उतरा."

पाच माणसं मुकाट्याने उतरली. राहिला सासरा. तो एकेक पायरी चाचपत येत होता. ती अंगणात उभी राहून त्याच्या पावलांचे आवाज मोजत होती. मधेच आवाज थांबला.

"काठी वर राहिली," आतून सासरा म्हणाला.

"राहू द्या काठी, मामंजी." इतका वेळ न फुटलेला आवाज आता फुटला. "माझ्यासाठी या. पाया पडते."

तो आला. तासाभराने, उन्हं कलायच्या सुमारास, विटांच्या मजल्याचा नदीकडचा कोपरा पोत्यांसकट खाली बसला. तिच्या फडताळाच्या जागी आता आभाळ दिसत होतं. ती तिथेच मटकन बसली आणि ओकली.

चक्की चार महिने बंद होती. गवंड्याने तिसरा मजला उतरवला, आसाखाली भिंतीपासून सुटा असा घडीव दगडांचा ओटा बांधला, आणि घर वीस पावलं दूर नेलं. नवऱ्याने माफी वगैरे मागितली नाही. पण चक्की सुरू झाली त्या दिवशी त्याने लोकांना सांगितलं, "ही थांबवा म्हणाली की थांबवायची. मी नसलो तरी."

लोकांना वाटलं, आता हिची भीती गेली. तसं काही झालं नाही. उलट नव्या घरात भिंतीपलीकडचा आवाज येईना, त्यामुळे ती जास्तच घाबरी झाली. शेवटी निवडणं-टिपणं घेऊन ती दिवसभर चक्कीतच बसू लागली, दाराजवळ, बाहेर पळायला सोपं पडेल अशा जागी. वर्षातून पाचसहा वेळा तरी ती चक्की थांबवायला लावायची. बहुतेक वेळा काहीच नसायचं. नवरा कुरकुरत कंदील पेटवायचा, अकरा पायऱ्या उतरून सगळं पाहून यायचा आणि म्हणायचा, "ठीक आहे गं." मग कुठे ती पुन्हा गव्हातले खडे वेचायला घ्यायची.