आंबेहळदीचा लेप

आंबेहळद उगाळली की मला शहापूरचा तो दवाखाना आठवतो. आईच्या स्तनातली गाठ तपासणीत साधीच निघाली होती, पण दुखण्यानं तिचा हात वर जात नव्हता. चार महिने तिचा अंबाडा मीच घालत होते. त्या दिवशीही ती लेप लावूनच आली. नर्सनं तो स्पिरिटनं पुसला आणि डॉक्टरीणबाईंनी बरगडीजवळच्या नसेपाशी बधिर करणारं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "आता हात वर करा." आईनं भीत भीत केला. "दुखत नाय गो," ती मला म्हणाली. बाहेर बाकावर तिनं मला पुढ्यात बसवलं आणि माझी वेणी सोडली. "केस बघ कसे झालेत तुझे." आता ते पिकायला लागलेत, तरी जत्रेला निघताना माझी वेणी आईच घालते.