अक्कांचे डोळे बरे होते

आईने आमेन म्हणायच्या आत गाडी हलली. नगरच्या स्टेशनवर खिडकीच्या गजांतून माझा हात धरून ती मोठ्याने प्रार्थना करत होती आणि डब्यातली माणसं आमच्याकडे बघत होती. मला लाज वाटत होती. गाडीबरोबर ती चार पावलं चालली, मग हात सुटला. मी चोवीस वर्षांची होते, लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा झाला होता आणि म्हैसूरच्या एका खासगी लॅबमध्ये नोकरी लागली होती.

गावाकडची तुम्ही मंडळी अजून विचारता, एस्तेर, तिकडे उपासनेला जातेस ना? जाते. पण खरं सांगायचं तर गावात असताना देवाची आज्ञा पाळण्याचा मला कधी विचारच करावा लागला नव्हता. घंटा झाली की निघायचं, जेवणाआधी डोळे मिटायचे, खोटं बोललं तर आईला चेहऱ्यावरून कळायचं. मी देवाचं ऐकते असं मला वाटायचं. ऐकत होते ते आईचं आणि आळीचं. बन्नीमंटपच्या मैदानामागे भाड्याच्या खोलीत राहायला आले, तेव्हा मला ओळखणारं तिथे कुणीच नव्हतं.

ओळख झाली ती लॅबमधल्या सुमित्राअक्कांची. नजरबादला राहणाऱ्या, तीन पिढ्या म्हैसुरात मुरलेल्या मराठी घरातल्या. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. "ऊटा झालं का? सुम्मने उपाशी राहू नको कणे," असं त्यांचं कानडी मिसळलेलं मराठी. ऊटा म्हणजे जेवण, सुम्मने म्हणजे उगाच, कणे म्हणजे गं. पहिले काही दिवस मला हसू यायचं, मग त्याची वाट बघायची सवय लागली. सापडत नसलेली शीर बोटाने कशी चाचपायची, हे मला कॉलेजने नाही, त्यांनी शिकवलं.

दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. सोमवारची गर्दी होती. रक्त घेण्याच्या टेबलावर अक्कांची पाळी होती. त्या दहा मिनिटं गोळी घ्यायला आत गेल्या तेव्हा मी त्यांच्या जागी बसले, दोघांचं रक्त घेतलं, ट्यूबांना लेबलं लावली आणि त्या आल्यावर उठले. चार दिवसांनी कळलं की दोन माणसांच्या रिपोर्टांची अदलाबदल झाली होती. ज्याला मधुमेह नव्हता तो गोळ्या घेऊन चक्कर येऊन पडला; ज्याला होता तो निर्धास्त होता. पुन्हा तपासणी झाली, दोघेही सुखरूप राहिले. पण चौकशी बसली आणि रजिस्टरवर त्या सकाळची सही अक्कांची होती.

नोंदीतली वेळ बघताच मला कळलं, त्या ट्यूबा माझ्या होत्या. मी काही बोलले नाही. अक्काही भांडल्या नाहीत. "वय झालं. डोळ्यांनी फसवलं असेल," एवढंच म्हणाल्या. त्यांना टेबलावरून उठवून काउंटरवर रिपोर्ट वाटायला बसवलं. त्यांनी चष्मा बदलून घेतला. तरी पाकिटावरचं नाव तीनतीनदा वाचायच्या आणि मलाच बोलावून विचारायच्या, "बघ गं, बरोबर आहे, अल्ला? हो ना?"

मी रोज प्रार्थना करत होते. प्रभू, मार्ग दाखव. महिना गेला. शेवटी आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काय करायचं ते तुला कळलंय. मग त्याला काय विचारतेस? प्रार्थनेच्या आड लपू नकोस." मी रागाने फोन ठेवला.

त्या रविवारी कानडी उपासनेत पाळकांनी जो भाग घेतला तो मला लहानपणापासून ठाऊक होता. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाचं आपल्यामुळे काही दुखलंय हे आठवलं, तर आधी त्याच्याकडे जा. मला तर आठवायचीही गरज नव्हती. अर्पणाची थैली माझ्या रांगेत यायच्या आधी मी उठून बाहेर पडले. मनात शांती वगैरे काही नव्हती. इतके दिवस मी वाट बघत होते की आधी धैर्य येईल आणि मग मी सांगेन. त्या दिवशी ते न येताच निघाले.

नजरबादच्या घरी अक्का ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. "बा, बा, आत ये. आज चर्च नाही?"

मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. त्यांचा हात थांबला.

"म्हणजे माझे डोळे बरे होते?"

"हो, अक्का."

"आणि तुला महिनाभर माहीत होतं?"

"हो."

त्यांनी शेंगांची परात बाजूला सारली. मग म्हणाल्या, "आता जा तू."

सोमवारी मी मॅनेजरना सांगितलं. अक्का त्यांच्या टेबलावर परत आल्या आणि मला महिनाअखेर नोकरी सोडायला सांगण्यात आलं. ते दिवस अक्का माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मी बॅग भरायला घेतली होती. शेवटच्या दिवशी मात्र त्यांनी मला रिक्षात बसवलं आणि ओळखीच्या एका लहानशा लॅबमध्ये नेलं. तिथल्या डॉक्टरांशी त्या कानडीत बोलल्या, मला शब्द न् शब्द कळला. "लेबल हिनेच चुकवलं. सांगितलंही हिनेच. ठेवून घ्या." परत येताना मी आभार मानायला लागले तर म्हणाल्या, "साकु. पुरे. माझा राग अजून गेलेला नाही."

तो जायला वर्ष लागलं. एका रविवारी फोन आला, "ऊटा झालं का?" मी रस्त्यातच रडले. संध्याकाळी गेले तर ओसरीवरूनच म्हणाल्या, "बा, आत ये."

मी अजून त्याच लहान लॅबमध्ये आहे. लेबल लावण्याआधी प्रत्येकाला त्याचं नाव स्वतः सांगायला लावते, कितीही गर्दी असो. आज्ञा पाळणं म्हणजे काहीतरी मोठं असतं असं मला पूर्वी वाटायचं. आता ते बहुतेक वेळा एवढंच असतं, आणि तेवढंही रोज ठरवून करावं लागतं.

गेल्या नाताळला गावी आले होते. निघायच्या दिवशी चकल्यांचे दोन डबे बांधता बांधता आई म्हणाली, "एक त्या अक्कांचा. घरी कधी पोचशील?"

घरी. म्हैसूरला ती पहिल्यांदाच घर म्हणाली होती. तिच्याही ते लक्षात आलं असावं, कारण डब्याची गाठ तिने उगाच दोनदा सोडून बांधली. मला माझी खोली आठवली नाही. नजरबादची ओसरी आठवली, आणि माझं सगळ्यात वाईट माहीत असूनही मला "बा, आत ये" म्हणणाऱ्या अक्का.

"परवा सकाळी," मी म्हणाले.