विमानाचा पहिला घास

लातूरच्या आडत बाजारात भीमाशंकर धोंडप्पा वळसंगे हे नाव सांगितलं तर चटकन कुणाला कळायचं नाही. ‘इमानवाले अप्पा’ म्हटलं की रिक्षावाला गालातल्या गालात हसायचा आणि डाळमिलच्या दाराशी नेऊन सोडायचा. हसण्यासारखं होतंच. गावातले लोक घागरी घेऊन टँकरमागं पळत होते आणि या माणसाच्या मालकीचं एक अख्खं विमान होतं. तेही लातुरात नाही, नांदेडच्या विमानतळावर, एका कोपऱ्यात. लातुरात विमान उतरवायला जागाच नव्हती.

हे कसं झालं म्हणाल, तर नव्या जिल्ह्याच्या वाऱ्यानं. लातूर जिल्हा झाला त्या साली माणसं हवेत होती. कुणी कलेक्टर कचेरीमागं प्लॉट घेतले, कुणी लॉज काढलं. भीमाशंकरप्पांना वाटलं, जिल्हा झाला म्हणजे आज ना उद्या विमानतळ होणार. तुरीचे व्यापारी सकाळी मुंबईला जाऊन संध्याकाळी घरी जेवायला येणार. हैदराबादेत एका बुडालेल्या कंपनीचा माल लिलावात निघालाय असं कळलं आणि अप्पा नुसते बघायला म्हणून गेले. पण आडतीवर सारी हयात गेलेला माणूस, लिलाव दिसला की त्याची जीभ वळवळते. बाकीचे बोली लावणारे शहाणे होते, ते मागं सरले. विमान अप्पांच्या गळ्यात पडलं.

हैदराबादहून नांदेडला ते उडत आलं, त्यात अप्पा बसले होते. त्यांनी पायलटला गळ घालून रेणापुरावरून एक घिरटी मारायला लावली. खाली त्यांच्या वडिलांचं शेत, विहीर, बैल एवढे एवढे दिसले. तेवढंच त्यांचं विमानसुख. त्यानंतर ते विमान उडालं नाही.

विमान होतं दोन इंजिनांचं टर्बोप्रॉप, म्हणजे इंजिनासमोर पंखा, पण पोटात जेटच्या इंजिनासारखी गरागरा फिरणारी पात्यांची चाकं. धूळ, खडा, पाणी, काही म्हणजे काही त्याला सोसत नसे. आणि मराठवाड्यात त्या वर्षांत धुळीशिवाय दुसरं पीक येत नव्हतं. पंख्यामागं इंजिनाचं हवा ओढायचं तोंड होतं, त्यात साळुंक्यांनी घरटं केलं. वेग मोजायची बारीक नळी कुंभारीण माशीनं चिखलानं बुजवली. दुष्काळात तिला चिखल कुठून मिळाला हे देव जाणे. उंदरांनी वायरी कुरतडल्या, टायर एका जागी उभं राहून चेपले. सुटा भाग मागवावा तर मुंबईचा दलाल म्हणायचा, हे मॉडेल बंद झालं. वर्षभरानं तो भाग यायचा, तोवर दुसरं काहीतरी गंजलेलं असायचं. अप्पांच्या दोन डाळमिल होत्या. त्यातली थोरली या पांढऱ्या हत्तीनं खाल्ली.

देखभालीला नांदेडात शेषेराव होता. मुखेडचा माणूस, हवाई दलातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेला. तंबाखू मळता मळता काम करायचा आणि बहुतेक वेळा नुसतीच तंबाखू मळायचा. पण खड्याच्या बाबतीत तो पक्का होता. “अप्पा, एक बारका खडा तोंडात गेला का इंजिन गेलं म्हनून समजा,” असं त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तेव्हापासून अप्पा दर सोमवारी एस.टी.नं नांदेडला यायचे आणि इंजिन सुरू करायच्या आधी स्वतः वाकून विमानासमोरची जमीन वेचायचे. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात पांढरी बंडी, असा व्यापारी उन्हात खडे वेचतोय हे बघून विमानतळावरचे शिपाई चहा प्यायचे थांबायचे.

घरात या विषयावर बोलणं बंद होतं. शांतम्मा, अप्पांची बायको, थोरली मिल विकली त्या दिवशी एवढंच म्हणाली होती, “त्या मशीनीला माजा हात लागला व्हता.” मग तिनं विमानाचं नाव टाकलं. नांदेडला ती एकदाही आली नाही. तरी इंजिनाच्या तोंडावर घालायला लाल ताडपत्रीची झाकणं पाहिजेत असं अप्पांनी सांगितलं, तेव्हा तिनं न बोलता मापं घेतली आणि शिवून दिली. टाके असे पक्के, की साळुंक्यांचा उपद्रव त्या दिवसापासून बंद झाला.

हाताचं म्हणाल, तर मिलमध्ये वळसंग्यांच्या घरची एक रीत होती. हंगामाची पहिली मशीन सुरू करताना घरच्या बाईनं तिला घास भरवायचा. मूठभर तूर, त्यात कुंकू आणि एक अख्खी सुपारी, हे मशीनच्या तोंडात आपल्या हातानं सोडायचं. मशीन फिरली की सुपारी आत कडकन फुटायची. तो आवाज आला की सगळे हात जोडायचे. मशीननं घास घेतला, साल बरं जाणार. शांतम्मानं लग्न होऊन आल्यापासून हा घास कधी चुकवला नव्हता.

दुष्काळ तिसऱ्या वर्षात गेला आणि अप्पांच्या कपाळी आशा आली. सरकारचं ढगांवर मीठ फवारून पाऊस पाडायचा प्रयोग करायचं ठरत होतं आणि त्यासाठी विमान भाड्यानं हवं होतं. जुनं चालेल, पण उडतं पाहिजे. हैदराबादहून तपासणीचे साहेब येणार, दोन्ही इंजिनं चालवून बघणार, पास झालं तर विमान कामाला लागणार. नाही झालं तर नांदेडच्या विमानतळानं आधीच तोंडी बजावलं होतं: जागा मोकळी करा. म्हणजे भंगार. अप्पांची झोप उडाली. आपलं विमान रेणापुरावर जाईल आणि खाली पाऊस पडेल, एवढं एकच त्यांच्या डोक्यात फिरू लागलं. पैसा, थोरली मिल, लोकांचं हसणं, सगळं त्या एका पावसात धुऊन निघणार होतं.

तपासणी श्रावणी सोमवारी होती. अप्पा पहाटे पूजा करून निघाले, तर दारात शांतम्मा नवं इरकल नेसून, हातात झाकलेलं ताट घेऊन उभी.

“मी बी येते,” ती म्हणाली.

“एस.टी.त लई गर्दी असती,” अप्पा म्हणाले.

“असू द्या.”

अहमदपूर, लोहा करत एस.टी. नांदेडला पोचेपर्यंत शांतम्मानं ताट मांडीवरून हलवलं नाही. अप्पांना भरून आलं होतं. सरकारानं हो म्हणण्यापेक्षा या बाईनं हो म्हणावं ही त्यांची जुनी भूक होती, आणि ती आज भागत होती.

साहेब अबोल होते. शेषेरावानं त्या दिवशी तंबाखू खिशातच ठेवली. झाकणं काढली, बॅटरी मारून दोन्ही तोंडं आतून बघितली, साहेबांनाही दाखवली. अप्पांनी जमीन वेचली होतीच, तरी पुन्हा वेचली. डावं इंजिन सुरू झालं, शिट्टीसारखा आवाज चढत गेला, पंखा दिसेनासा झाला. साहेबांनी बराच वेळ काटे बघितले आणि मान डोलावली. डावं पास. ते बंद झालं, पंखा थांबला, आणि उजवं सुरू करायच्या आधी साहेब पाणी प्यायला सावलीत गेले. शेषेराव त्यांच्याबरोबर गेला.

शांतम्मा तेव्हा ताट घेऊन पुढं झाली. तिनं पंख्याला भस्म लावलं, हळदकुंकू वाहिलं. विमानाच्या नाकाला हात लावून तो डोळ्यांना लावला. इतकी वर्षं जिचं नाव टाकलं, त्या सवतीला ती आज घरात घेत होती. अप्पा जवळच उभे होते. एका एका खड्यासाठी कंबर मोडून घेतलेला तो माणूस त्या क्षणी तिच्या हाताकडे बघत नव्हता. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि तोही त्याला नीट दिसत नव्हता, कारण डोळे भरले होते.

साहेब परत आले. तोंड आत्ताच बघितलंय म्हणून शेषेरावानं पुन्हा बॅटरी मारली नाही. दोघं आत चढले. उजवा पंखा फिरू लागला, शिट्टी चढू लागली, आणि इंजिनाच्या पोटात कडकन आवाज झाला.

शांतम्मानं दोन्ही हात जोडले. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की अप्पांना त्या आवाजाचा अर्थ तिच्याकडे बघून कळला. मग खरखर सुरू झाली, सबंध पंख थरथरला, मागून ज्वाळ आली आणि शेषेरावानं इंजिन बंद केलं.

बॅटरीच्या उजेडात इंजिनातल्या पुढच्या चाकाची पाती दिसली. वाकलेली, टवके उडालेली. साहेब म्हणाले, “आत काहीतरी गेलं,” आणि हात पुसून गाडीत जाऊन बसले. शेषेरावानं तोंडाच्या काठावरून काहीतरी नखानं उचललं. सुपारीची खांड होती, कुंकू लागलेली. त्यानं ती बघितली, मग अप्पांकडे बघितलं. शिवी त्याच्या ओठांवर आलेली होती. अप्पांनी नुसता हात पुढं केला. शेषेरावानं खांड त्यांच्या तळहातावर ठेवली आणि तंबाखूची पुडी काढून विमानाच्या पलीकडं निघून गेला.

“काय झालं?” शांतम्मानं विचारलं.

“म्हातारं झालं व्हतं इंजिन,” अप्पा म्हणाले. “आज ना उद्या जानारच व्हतं.”

येताना एस.टी.त खिडकीबाहेर सगळी रानं काळीभोर उघडी पडलेली होती. लोहा गेल्यावर ती हळूच म्हणाली, “मी त्याला घास भरवला व्हता.”

“हाव.”

“घेतला का त्यानं?”

“घेतला,” अप्पा म्हणाले. “आवाज न्हाई का आला?”

तिला तेवढं पुरलं. ती मान टेकून झोपली आणि अप्पा मूठ झाकून लातूरपर्यंत जागे राहिले.

विमान नांदेडातच भंगारवाल्यांनी कापलं. अप्पा बघायला गेले नाहीत. पाऊस त्या वर्षीही फिरकला नाही. पुढं लातुरात धावपट्टी झाली, सगळं गाव बघायला लोटलं, तेव्हाही अप्पा मिलमध्येच बसून राहिले.

धाकटी मिल मात्र चालू राहिली. दर हंगामाला शांतम्मा कुंकू लावून तुरीची मूठ आणि सुपारी मशीनच्या तोंडात सोडायची, आत कडकन आवाज व्हायचा, हमाल हात जोडायचे. अप्पा त्या वेळी काहीतरी निमित्त काढून बाहेर अंगणात जायचे. एका सालाला ती त्यांच्या मागोमाग बाहेर आली आणि पदराला हात पुसत म्हणाली, “सगळ्या मशिनींना माजा हात मानवला बगा. त्या एका इमानालाच कसा मानवला न्हाई, कोन जाने.”

“हाव,” अप्पा म्हणाले, आणि खाली वाकून अंगणातले खडे वेचू लागले.