देवाच्या पाठीचा फोटो

जालिंदर माझा शेजारी. मांडवगण फराट्याच्या अलीकडे आमची धनगरांची वस्ती आहे, तिथला तो एकुलता एक फोटोवाला. आजा मेंढरांमागे फिरला, बापाने ऊस लावला आणि याने गळ्यात कॅमेरा अडकवला. २००३ साली डिजिटल कॅमेरा आणला तेव्हा वस्तीने त्याला डोक्यावर घेतलं होतं. आमच्या वस्तीला आपटायला आवडतं, म्हणून आधी उचलून घेते.

त्याच वर्षी भीमेपलीकडे दौंडच्या बाजूला एका देवळातून मुखवटा चोरीला गेला. फिर्यादीत काय लिहिलं? 'मिशा असलेला पितळी मुखवटा.' असले शंभर निघतील. जालिंदर म्हणाला, नीट फोटो असता तर काँप्युटरवरून देशभर पाठवता आला असता. मग तो देवळोदेवळी फिरायला लागला. एक फोटो समोरून, एक मागून, शेजारी मोजपट्टी. केंदूरपर्यंत जाऊन आला.

आमच्या बिरोबाचा मुखवटा मात्र मागून कुणीच पाहिलेला नव्हता. तोंडावर पिढ्यान्पिढ्यांची शेंदराची पुटं, त्यांना हात लावायचा नाही. यात्रेआधी भीमेवर नेऊन फक्त पाठ चिंचेनं घासायची, तीही वरून धोतर पांघरून, आत हात घालून चाचपत. हा मान ठरलेल्या काही घरांनाच, दरवर्षी पाळीने एका घराला. त्या वर्षी तो जालिंदरच्या घराकडे आला होता. त्याने धोतर बाजूला सारलं आणि सगळ्यांदेखत फोटो काढला.

"देवाची पाठ उघडी केली रं ह्यानं!" पुजारी कोंडिबा आबा ओरडले. तिथंच बैठक बसली. त्याच्या घराचा मान कायमचा काढला. लग्नाकार्याला त्याला बोलवायचं नाही असं ठरलं. त्याची बायको धुरपदा पाण्याला गेली की बाया हंडे उचलून चालत्या व्हायच्या. बैठकीत मीही मान डोलावली होती, खोटं कशाला बोलू? जालिंदरला बाकी कशाचं फारसं वाटलं नाही. मान गेला ते मात्र त्याच्या जिव्हारी लागलं, बापाने मरताना तेवढाच सांभाळायला सांगितला होता.

दिवाळीनंतर आमचाच मुखवटा चोरीला गेला. आबांनी बोट जालिंदरकडे दाखवलं. "ह्यानंच फोटू चोरांना दिला." पोलिसांनी त्याला दोन दिवस बसवून ठेवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वस्ती खूश.

सुटून आल्यावर तो दर शनिवारी शिरूरच्या सायबर कॅफेत जाऊन बसायचा. जुन्या वस्तू विकणाऱ्यांच्या वेबसाइटी एकेक करून बघायचा. सहा महिन्यांनी त्याला एक मुखवटा दिसला. तोंड घासून लख्ख केलेलं, शेंदराचा मागमूस नाही. पण विकणाऱ्याने मागचाही फोटो टाकला होता. त्यात कानामागे, जालिंदरच्या फोटोतल्यासारखंच, पितळेचं ठिगळ होतं, तीन रिबिटी मारलेलं, मधली वाकडी. जालिंदरने दोन्ही फोटो सीडीवर घालून पोलिसांना दिले. त्यांनी मुंबईच्या एका दुकानातून तो मुखवटा जप्त करून आणला.

ओळख पटवायला आबांना पोलीस ठाण्यात नेलं, सोबत आम्ही पाचसहाजण. टेबलावर एक उघडाबोडका पितळी चेहरा ठेवलेला. आबांनी डावीउजवीकडून पाहिला आणि म्हणाले, "ह्यो आमचा न्हाई." आम्हीही माना हलवल्या. जन्मभर आम्ही शेंदूरच पाहिला होता, त्याखालचा देव कुणाला ठाऊक? दुकानदाराचा वकील हसला. "यांचाच पुजारी नाही म्हणतो, मग आमचा माल आम्हाला द्या."

तेव्हा जालिंदरने मुखवटा पालथा केला, शेजारी फोटो ठेवला आणि मोजपट्टी लावली. ठिगळ तेच, रिबिटी त्याच, मापात सूतभर फरक नाही. वकिलाचं हसू जिरलं. आबा भिंतीकडे बघत राहिले.

मुखवटा वाजतगाजत वस्तीवर आला. ढोल मी वाजवत होतो. देवळाच्या पायरीवर जालिंदरने आबांना विचारलं, "आता माझ्या घराचा मान परत द्याल का?"

"देऊ की," आबा म्हणाले. "पर आदी त्यो फोटू पुसून टाक. मंग पाठ कुणी बघितलीच न्हाई म्हणायला आमी मोकळं."

"आन् परत गेला तर वळखणार कोण, आबा? तुम्ही?"

हा सवाल त्याने मोठ्याने विचारला, म्हणून सगळ्यांना ऐकू आला. चुकी आमची आणि लाज त्याने बाळगायची, अशी आमची रीत! त्याने फोटो पुसला नाही. पायरीवरून खाली उतरला आणि धुरपदाला घेऊन घरी गेला.

आबांनी गर्दीवर नजर फिरवली आणि त्याचा मान तिथल्या तिथे दुसऱ्या घराला देऊन टाकला. माझ्या घराला. मी ढोल खाली ठेवला, पुढे झालो आणि मान घेतला.